मॅकशेन यांची बायबल-वाचनाची दिनदर्शिका : विश्वास जड जाऊ लागतो तेव्हा ती कितपत टिकते?

वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढण्याच्या ज्या योजना आज मिळतात, त्यांचे गुणदोष सांगताना बहुतेक जण रोज किती अध्याय पडतात आणि त्यांना किती वेळ लागतो, एवढेच पाहतात. उत्साहाच्या दिवसांत वाचणाऱ्याला तेवढी माहिती पुरते. परंतु ज्याचे प्रार्थनेत मन लागेनासे झाले आहे, ज्याच्या घरात आजारपण किंवा मृत्यू येऊन गेला आहे, मंडळीतल्या माणसांनी ज्याची निराशा केली आहे किंवा विश्वासामुळेच ज्याचे जवळच्यांशी बिनसले आहे, आणि तरीही ख्रिस्ताला सोडायचे नाही एवढी एकच गोष्ट ज्याने धरून ठेवली आहे, अशा माणसाच्या हातात कोणती योजना द्यावी, हा प्रश्न निराळा आहे. स्कॉटलंडमधील पाळक रॉबर्ट मरी मॅकशेन यांनी १८४२ मध्ये तयार केलेली दिनदर्शिका मी बरीच वर्षे वापरत आलो आहे. त्यांत भरभरून वाचनाची वर्षे होती, तशीच अगदी कोरडी गेलेलीही होती. या परीक्षणात मी तिला केवळ त्या कोरड्या वर्षांच्या कसोटीवर घासून पाहणार आहे.

रचना थोडक्यात अशी आहे. रोज चार ठिकाणचे वाचन असते. त्यांतले दोन भाग कुटुंबाने एकत्र बसून वाचायचे आणि दोन ज्याचे त्याने एकांतात वाचायचे. बायबलचे अध्याय ११८९. या आखणीत जुना करार एकदा वाचून होतो आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा, म्हणजे वर्षाकाठी १५९९ अध्याय होतात. लहान अध्याय एका दिवसात जोडून दिले आहेत आणि काही मोठ्यांची विभागणी केली आहे. घाई न करता वाचल्यास अर्धा ते पाऊण तास लागतो. १ जानेवारीला उत्पत्ती, एज्रा, मत्तय आणि प्रेषितांची कृत्ये या चारही पुस्तकांचा पहिला अध्याय येतो. जगाची निर्मिती, बंदिवासातून परतणाऱ्यांची तयारी, ख्रिस्ताचा जन्म आणि आत्म्याची वाट पाहत बसलेले शिष्य, असे चार आरंभ एकाच दिवशी समोर ठेवलेले असतात. मूळ पत्रकाचे नाव ‘रोजची भाकर’ अशा अर्थाचे होते. आज ती छापील कोष्टकाच्या रूपात मिळते, अनेक बायबल-ॲपमध्ये असते, आणि जुनी असल्यामुळे कोणीही तिची प्रत मोकळेपणाने काढू शकतो.

तिचा कर्ता कोण होता हे जाणून घेणे येथे उपयोगाचे आहे. मॅकशेन डंडी शहरातील सेंट पीटर्स या मंडळीचे पाळक होते. १८३८ च्या अखेरीस प्रकृतीने दगा दिल्यामुळे त्यांना मंडळीपासून दूर राहावे लागले, आणि पुढच्या वर्षी ते स्कॉटलंडच्या चर्चने पॅलेस्टाइनला पाठवलेल्या एका शिष्टमंडळाबरोबर प्रवासाला गेले. ते बाहेर असतानाच त्यांच्या मंडळीत, त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या विल्यम बर्न्स या तरुण उपदेशकाच्या काळात, मोठी आत्मिक जागृती झाली. दिनदर्शिका त्यानंतर तीन वर्षांनी, १८४३ या सालासाठी निघाली. जागृतीचा पहिला भर ओसरल्यावर लोकांना रोजच्या रोज कशावर उभे करायचे, हा प्रश्न तेव्हाच्या कोणत्याही पाळकापुढे असणार, आणि हे पत्रक मला त्या प्रश्नाच्या उत्तरासारखे वाटते; हा माझा तर्क आहे, तसे त्यांनी कुठे लिहून ठेवले आहे असे मी म्हणत नाही. दिनदर्शिकेचे पहिलेच वर्ष चालू असताना, २५ मार्च १८४३ रोजी, टायफसच्या तापाने मॅकशेन वारले. त्यांचे वय २९ वर्षांचे होते. मंडळीने उरलेले वर्ष त्यांच्याशिवाय वाचले.

दिनदर्शिकेला त्यांनी एक पत्र जोडले होते. ते आजच्या बहुतेक प्रतींतून गळलेले असते, आणि माझ्या मते हा या योजनेवर झालेला सर्वांत मोठा अन्याय आहे. त्या पत्रात फायद्यांच्या आधी धोके सांगितले आहेत. पहिला धोका असा की, वाचन हा निव्वळ उपचार होऊन बसेल. दुसरा असा की, ठरलेला भाग पुरा केल्यावर माणूस स्वतःच्याच धार्मिकपणावर खूश होईल. तिसरा म्हणजे वरवरचे, निष्काळजी वाचन. आणि चौथा, जो या परीक्षणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, तो असा की, काहींना हे जू पेलवणार नाही एवढे जड होईल. आपल्या हातच्या वस्तूविषयी इतके स्पष्ट बोलणारा कर्ता विरळाच. फायदेही त्यांनी अतिशय साध्या गोष्टींत मोजले आहेत: शास्त्राचा कोणताही भाग वाचायचा राहणार नाही, आज काय वाचावे हे ठरवण्यात वेळ जाणार नाही, आईवडिलांना मुलांशी बोलायला रोज एक विषय मिळेल, आपला कळप कोणत्या कुरणात चरतो आहे हे पाळकाला ठाऊक राहील, आणि सगळे एकच भाग वाचत असल्याने आपसातले प्रेमाचे बंधन घट्ट होईल.

यांपैकी दुसरा फायदा, निवड करण्यातून होणारी सुटका, हा संकटकाळात किती मोठा ठरतो हे वरवर पाहता लक्षात येत नाही. आज मनःस्थितीनुसार वचने देणाऱ्या याद्या आणि ॲप यांचा सुकाळ आहे. भीती वाटत असेल तर हे वाचा, एकटे वाटत असेल तर ते. अशा याद्यांचा मला राग नाही, तातडीच्या प्रसंगी त्या कामी येतात. मात्र ज्याचा विश्वास महिनोन् महिने कोरडा पडला आहे त्याला आपल्याला नक्की काय वाटते आहे हेच सांगता येत नाही, आणि निवड त्याच्यावर सोपवली की तो फिरून फिरून त्याच दहा-बारा ओळखीच्या वचनांपाशी येतो, ज्यांचा गोडवा त्याच्यापुरता केव्हाच विरून गेलेला असतो. मॅकशेन यांची दिनदर्शिका वाचकाची मनःस्थिती विचारतच नाही. तारीख पाहायची आणि तो भाग उघडायचा. श्रद्धेच्या बाबतीत असा यांत्रिकपणा कोणाला खटकेल. मला मात्र तो वाचकाच्या थकव्याची ठेवलेली जाण वाटतो.

याचा एक ठळक नमुना १ जूनच्या वाचनात आहे. त्या दिवशी अनुवाद या पुस्तकाचा पाचवा अध्याय, म्हणजे दहा आज्ञा, आणि त्याच्या जोडीला ८८ वे स्तोत्र येते. एकांतातल्या वाचनात यशयाचा ३३ वा आणि प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय असतो. ८८ वे स्तोत्र हे सगळ्या स्तोत्रांतले सर्वांत काळोखे. इतर बहुतेक विलापगीतांत कुठेतरी वळण येते, तक्रार करणारा शेवटी स्तुतीकडे वळतो. येथे वळण नाही. आपल्या तारणाच्या देवाला हाक मारून ते सुरू होते, रात्रंदिवस केलेल्या आरोळीचे उत्तर आलेले नाही हे पुनःपुन्हा सांगते, मित्र आणि स्नेही दूर केले गेल्याची तक्रार करते, आणि अंधारातच संपते. दिलासा देणाऱ्या याद्यांत हे स्तोत्र क्वचितच सापडते, कारण त्यात उचलून भिंतीवर लावावी अशी ओळ नाही. आजूबाजूची स्तोत्रे या दिनदर्शिकेत पुष्कळदा दोन-दोन जोडून येतात, पण याला मात्र दिवसातले आपले स्वतंत्र स्थान मिळते. इतके अनुत्तरित दुःख शास्त्रातच ठेवलेले आहे आणि ते वाचणे हाही उपासनेचा भाग आहे, हे ज्याला कोणी कधी सांगितले नाही, त्याला ही एक तारीख पुष्कळ काही देऊन जाते.

त्याच दिवशी प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात तीन मंडळ्यांना लिहिलेली पत्रे आहेत. फिलदेल्फियाच्या मंडळीला सांगितले आहे की, तुझी शक्ती थोडी असूनही तू माझे वचन पाळलेस. आणि लावदिकीयाच्या मंडळीला सुनावले आहे की, तू थंड नाहीस आणि गरमही नाहीस. कोरड्या काळातल्या वाचकापुढे खरा पेच हाच असतो: आपण थोड्या शक्तीनिशी टिकून राहिलेले आहोत की नुसते कोमट झालो आहोत? ८८ वे स्तोत्र पहिल्याचे सांत्वन करते आणि लावदिकीयाचे पत्र दुसऱ्याला हलवते. दोन्ही एकाच दिवशी वाचल्यामुळे वाचकाला स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहावे लागते. केवळ कुरवाळले जाणे नाही आणि केवळ रागावले जाणेही नाही. हा मेळ कोणी विचारपूर्वक जुळवला असे मानण्याचे कारण नाही, तो अध्यायांच्या हिशेबातून आपोआप पडलेला आहे. पण असे आपोआप पडलेले मेळ हीच या चार रकान्यांच्या रचनेची खरी कमाई आहे, आणि एका पुस्तकानंतर दुसरे पुस्तक सरळ रेषेत वाचणाऱ्या योजनांत ती मिळत नाही.

ईयोबाच्या पुस्तकाचा अनुभव इतका सरळ नाही. २ फेब्रुवारीला ईयोबाचा पहिला अध्याय येतो, ज्यात त्याची गुरेढोरे, नोकर आणि मुले एकाच दिवशी जातात, आणि त्याच दिवशी रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय येतो, ज्यात संकटातून धीर, धीरातून कसोटीला उतरलेले शील आणि शीलातून आशा कशी उपजते हे पौल सांगतो. नुकतेच कोणी गमावलेल्या माणसाला ही जोडी कठोर वाटू शकते, आणि दिनदर्शिकेत समजावून सांगणारी एक ओळही नाही. पुढे ईयोब बहुतेक दिवशी एकेक अध्याय करत १३ मार्चपर्यंत चालतो. या सहा आठवड्यांत ईयोबाच्या बोलण्याच्या मध्ये मध्ये त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर बोलत असतात. त्यांची भाषा धार्मिक आहे, युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो, आणि सार एवढेच की तुझ्यावर हे आले त्याअर्थी तू काहीतरी केलेच असशील. दुःखी माणसाने मंडळीत हेच बोल सौम्य शब्दांत ऐकलेले असतात. हे तिघे माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, असे देव अखेर सांगतो, पण तो निर्णय शेवटच्या अध्यायात आहे. याचा अर्थ असा की जो वाचक फेब्रुवारीत कंटाळून थांबतो तो त्या तिघांचे म्हणणे कानात घेऊन उठतो आणि त्यावरचा निवाडा त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून दुःखात असलेल्या कोणालाही ही दिनदर्शिका देताना मी एकच सूचना सोबत देतो: ईयोब सुरू होताच त्याचा ४२ वा अध्याय आधी वाचून ठेवा, मग मित्रांची भाषणे ऐका. एवढी सवलत घेतल्याने योजना मोडत नाही, आणि ते सहा आठवडे मग सोसण्याजोगे होतात. किंबहुना खोटे सांत्वन ओळखायची सवय त्यांतून लागते.

लेवीय पुस्तकाविषयी सगळेच तक्रार करतात. येथे एप्रिलमध्ये त्याच्या शेजारी स्तोत्रे असतात, त्यामुळे यज्ञांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम वाचून मान दुखू लागली तरी त्या दिवसाचा शब्द अगदी कोरडा जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये यिर्मया येतो, ज्याने आपल्याच सेवेविषयी देवापाशी इतक्या उघडपणे गाऱ्हाणे केले की आजच्या उपदेशपीठावरून तसे कोणी बोलले तर लोक चपापतील. ते महिने मला वर्षातले सर्वांत मोलाचे वाटतात.

आता दोष. पहिला आणि सर्वांत गंभीर दोष हा की योजना तारखांना बांधलेली आहे आणि चुकलेल्या दिवसांचे काय करायचे याविषयी तिच्यात काहीही सोय नाही. आजारी माणसाजवळ रात्र काढणाऱ्याचे, नोकरी गेलेल्याचे, खिन्नतेने अंथरुणातून उठवत नाही अशाचे दिवस चुकणारच. चार दिवस चुकले की सोळा भागांची थकबाकी होते, आणि थकबाकी फेडण्याच्या नादात वाचन वेगाने, डोळ्यांखालून घालण्यापुरते होऊ लागते. म्हणजे मॅकशेन यांनी सांगितलेले निष्काळजीपण आणि जू हे दोन्ही धोके एकदमच उभे राहतात. यावर एकच उपाय मला व्यवहार्य वाटतो, तो म्हणजे चुकलेले भाग सोडून देऊन आजच्या तारखेवर येणे. काही ॲपमध्ये सलग किती दिवस वाचले याचा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर आणतात. ज्याला आपण देवाला विसरत चाललो आहोत अशी आधीच धास्ती आहे त्याच्यापुढे सकाळी हे शून्य नाचवण्यात कोणते आत्मिक हित आहे, ते मला समजलेले नाही. शक्य असेल तिथे तो आकडा बंद करावा, नाहीतर बायबलच्या मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेले साधे कागदी कोष्टक वापरावे.

दुसरा दोष कुटुंबाच्या रकान्याचा आहे. दिनदर्शिका असे गृहीत धरते की घरात एकत्र बसून शास्त्र वाचणारी माणसे आहेत. ज्याच्या घरात तो एकटाच विश्वासणारा आहे, किंवा जोडीदाराने विश्वास सोडला आहे, किंवा मुले मोठी होऊन त्यापासून दूर गेली आहेत, त्याला तो शब्द रोज सकाळी टोचतो. यावर ज्यांनी मार्ग काढला त्यांनी तो रकाना दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेतला आहे: लांब राहणारा मित्र, मंडळीतली एखादी वयस्क व्यक्ती, रुग्णालयात असलेले कोणी. दोघांनी तोच भाग वाचायचा आणि त्यातल्या एखाद्या ओळीविषयी संध्याकाळी चार शब्द बोलायचे. मॅकशेन यांनी मोजलेला शेवटचा फायदा येथे प्रत्यक्षात उतरतो. कठीण काळात ‘माझा विश्वास डळमळतो आहे’ असे वाक्य तोंडातून काढणे फार अवघड जाते, परंतु ‘आजचे स्तोत्र वाचून मला राग आला’ असे म्हणणे जमते, आणि समजूतदार मित्राला तेवढ्यावरून पुष्कळ कळते. एकट्याने वाचल्यास या योजनेचे निम्मे बळ जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की मर्यादा, याविषयी दुमत होऊ शकेल. ही दिनदर्शिका प्रार्थना शिकवत नाही, मंडळीतल्या एकत्र उपासनेची, प्रभुभोजनाची किंवा पाळकासमोर मन मोकळे करण्याची जागा घेत नाही, आणि खोल नैराश्यात असलेल्याला लागणारी वैद्यकीय मदत तर ती मुळीच नाही. चारही रकान्यांवर रोज खूण करणारा माणूस महिनोन् महिने देवाशी एक शब्दही न बोलता राहू शकतो, आणि बाहेरून त्याचे सगळे व्यवस्थित चाललेले दिसते. म्हणून खुणा करण्याऐवजी प्रत्येक दिवशी कोणत्या तरी एका वचनावरून एका वाक्याची प्रार्थना लिहावी, मग ती तक्रारीची का असेना. काही सुचले नाही तर वचन तसेच उतरवून ठेवावे.

चार भाग झेपत नसतील तर हीच योजना दोन वर्षांत विभागता येते, आणि कठीण काळात मी तोच पर्याय सुचवेन. पहिल्या वर्षी कुटुंबाचे दोन रकाने, दुसऱ्या वर्षी एकांताचे दोन. मॅकशेन यांच्या आखणीची खुबी अशी की कोणतीही जोडी घेतली तरी त्या वर्षात संपूर्ण नवा करार आणि सगळी स्तोत्रे एकदा वाचून होतात. विभागला जातो तो फक्त उरलेला जुना करार. रोजचा वेळ निम्म्यावर येतो आणि एखादा अध्याय दोनदा वाचायला उसंत मिळते. ज्याचे दुःख ताजे आहे त्याने कुटुंबाचे रकाने आधी घ्यावेत, कारण त्यांत ईयोब नाही आणि स्तोत्रे १ एप्रिलपासूनच सुरू होतात. ज्याचा प्रश्न दुःखापेक्षा शंकेचा किंवा मंडळीविषयीच्या निराशेचा आहे त्याला एकांताचे रकाने अधिक मानवतील. तेथे एज्रा आणि नहेम्या ढासळलेले काम कुरकुरणाऱ्या लोकांना हाताशी धरून उभे करतात, संदेष्टे देवाच्याच लोकांना धारेवर धरतात, आणि ३१ डिसेंबरला मलाखीच्या शेवटच्या अध्यायासोबत योहानाचा २१ वा अध्याय येतो, ज्यात ख्रिस्ताला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला तीनदा प्रश्न विचारून कामावर परत घेतले जाते. सुरुवात करण्यासाठी जानेवारीची वाट पाहण्याची गरज नाही. आज जी तारीख असेल तेथून उघडावे आणि मागचे महिने पुढच्या वर्षासाठी ठेवावेत.